वसईतला डिसेंबर : एका घराची लगबग

डिसेंबर उजाडला की आमच्या कार्यालयात रजेच्या अर्जांची गर्दी होते. वर्षभर जपून ठेवलेली नैमित्तिक रजा एकतीस डिसेंबरला बुडते, पुढच्या वर्षात नेता येत नाही. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात प्रत्येकालाच सुट्टी हवी असते आणि साहेबांच्या टेबलासमोर कुरबुरी सुरू होतात. मी आणि माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी मात्र या भांडणात कधी पडलो नाही. आमचा अठरा वर्षांचा तोंडी करार आहे. पाच आणि सहा डिसेंबरला मी रजेवर असतो. शिवाजी पार्कवर आमच्या मंडळाचा जेवणाचा आणि पाण्याचा स्टॉल असतो. ते दोन दिवस माझ्या टेबलावरची आवक-जावक तो सांभाळतो. चोवीस डिसेंबरपासून तो रजेवर जातो, तेव्हा त्याच्याकडची बिले मी काढतो.

हा सहकारी वसईचा, मराठी ख्रिस्ती. दर वर्षी पाच तारखेला सकाळी तो घरच्या वाडीतल्या केळीचे दोन घड लगेजच्या डब्यातून दादरला आणतो, आमच्या स्टॉलवर ठेवतो आणि तसाच कामावर जातो. विरार लोकलची सकाळची गर्दी ज्याने अनुभवली आहे, त्याला यातले कष्ट वेगळे सांगायला नकोत. आभार मानले की म्हणतो, "आभार आईचे माना. घड ती राखून ठेवते."

त्या माउलीला एकदा भेटावे, असे अनेक वर्षे मनात होते. २०२४ च्या डिसेंबरात ते जमले. निमित्त झाली माझी मुलगी. ती नववीत शिकते. तिच्या वर्गातल्या मुली एका मॉलमध्ये उभे केलेले नाताळचे मोठे झाड पाहायला जाणार होत्या, म्हणून तिनेही हट्ट धरला. मी म्हटले, "नाताळ बघायचा तर ज्यांचा सण आहे त्यांच्या घरी जाऊन बघ. प्लास्टिकचं झाड बघून काय कळणार?" सहकाऱ्याला विचारले तेव्हा तो हसला. म्हणाला, "पंचवीसला सगळेच येतात. तुम्ही त्याच्या आधीच्या रविवारी या. खरं काम तेव्हा असतं, आणि कामाला माणसं कमी पडतात."

असे १५ डिसेंबर २०२४ च्या रविवारी मी, माझी पत्नी आणि मुलगी कुर्ल्याहून निघालो.

आधी सोपारा

नालासोपाऱ्याला उतरून आम्ही प्रथम सोपाऱ्याच्या स्तूपावर गेलो. आपल्यातले कित्येक जण अजिंठा, वेरूळ, कार्ले पाहून येतात. पण विरारच्या एक स्टेशन अलीकडे असलेले हे ठिकाण त्यांनी पाहिलेले नसते. पाली वाङ्मयातले सुप्पारक ते हेच. एके काळी हे मोठे बंदर होते. इथला व्यापारी पूर्ण याने तथागतांचा धम्म स्वीकारला आणि तो आपल्या प्रदेशात आणला, अशी परंपरा सांगते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले. आत विटांचा स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडी पेटी होती, आणि त्या पेटीत एकात एक ठेवलेले, तांब्यापासून सोन्यापर्यंतचे करंडक होते. सोबत आठ लहान धातुमूर्ती होत्या, सात बुद्धांच्या आणि आठवी मैत्रेयाची.

याच सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला तो जवळच्या भुईगावात, १९५६ साली. हे वर्ष आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

झाडाच्या सावलीत बसून त्रिसरण-पंचशील म्हटल्यावर मी मुलीला या दोन लेखांत काय आहे ते सांगितले. आठव्या लेखात अशोक म्हणतो की, पूर्वीचे राजे मौजेच्या सफरीवर जात, शिकार करीत. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर तो स्वतः संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून त्याच्या यात्रांचा रोख बदलला. श्रमण-ब्राह्मणांना भेटायचे, वृद्धांना भेटायचे, त्यांना दान द्यायचे, खेड्यापाड्यातल्या माणसांशी धम्माबद्दल बोलायचे, अशी ती धम्मयात्रा. नववा लेख मंगलविधींबद्दल आहे. आजारपणात, लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, पण त्यांचे फळ थोडे, असे त्यात म्हटले आहे. दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राणिमात्रांशी संयमाने वागणे, दान करणे, हे खरे मंगल.

मुलीने विचारले, "पप्पा, मग आज आपली कुठली यात्रा?"

"आजींना भेटायला चाललोय ना, मग कुठली ते तूच ठरव," असे म्हणून मी रिक्षाला हात केला.

वाडीतले घर

सोपारा गाव मागे टाकून रिक्षा निर्मळच्या दिशेने लागली. आधी दोन्ही बाजूंना उंच इमारती, मोबाईलची दुकाने, दवाखान्यांच्या पाट्या. मग हळूहळू रस्ता अरुंद झाला आणि माडांची सावली आली. निर्मळला मोठा तलाव आहे. टेकडीवर शंकराचार्यांच्या समाधीचे मंदिर आहे आणि जवळच होली क्रॉस चर्च. कार्तिकात इथे मोठी यात्रा भरते. त्या यात्रेत सुकेळी विकायला येतात. सुकेळी म्हणजे राजेळी जातीची केळी सोलून उन्हात वाळवलेली. चवीला खजुरासारखी गोड. ही केळी पिकवणाऱ्या आणि वाळवणाऱ्या हातांत हिंदूंचे हात आहेत तसे ख्रिस्त्यांचेही आहेत.

वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी जिंकून घेतली. दोनशे वर्षांच्या त्या राजवटीत इथले अनेक शेतकरी, कोळी ख्रिस्ती झाले. राज्य गेले, किल्ला ओसाड झाला, धर्म मात्र राहिला आणि भाषाही राहिली. सामवेदी ख्रिस्ती घरांत आजही कादोडी बोली बोलतात. चर्चमधली मिस्सा पूर्वी लॅटिनमध्ये होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) ती लोकभाषेत आली, आणि वसईत ती मराठीतून होऊ लागली. धाराशिव येथे, तेव्हाच्या उस्मानाबादेत, जानेवारी २०२० मध्ये झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले. त्यांचे २५ जुलै २०२४ रोजी निधन झाले. आम्ही गेलो तो त्यांच्यानंतरचा पहिलाच नाताळ होता, आणि बोलण्यात त्यांचे नाव निघत होते.

गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे घरातली गोष्ट सांगायची आहे. कौलारू घर, पुढे ओटी, मागे विहीर आणि वाडी. ओटीवर सत्तरी ओलांडलेल्या माई केळीची पाने कापून जुड्या बांधत होत्या. मी वाकून नमस्कार केला तशा म्हणाल्या, "अठरा वर्षं नुसतं नाव ऐकतेय तुमचं. केळी गोड लागतात ना तुमच्या माणसांना?"

मी म्हटले, "माई, विदर्भातून, मराठवाड्यातून दोन-दोन दिवस प्रवास करून माणसं आलेली असतात. तुमचं केळं हातात पडलं की आधी लेकरांना देतात."

माईंनी मान हलवली आणि विळा बाजूला ठेवला. मग त्या दिवसभर मला 'भाऊ' म्हणत राहिल्या.

चार रविवार, चार कामे

नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांना हे लोक आगमनकाळ म्हणतात. हिरव्या पानांच्या गोल कड्यात चार मेणबत्त्या उभ्या करतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. दर रविवारी एक जास्त पेटवायची. जांभळा रंग पश्चात्तापाचा. तिसऱ्या रविवारी गुलाबी पेटते, सण जवळ आल्याच्या आनंदाची. आम्ही पोहोचलो तो तिसरा रविवार होता. नाताळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे केक आणि रोषणाई येते. पण त्याआधीचे हे दिवस आवरून राहायचे असतात. लग्नकार्येही या काळात सहसा ठेवत नाहीत.

घरात माणसे पाच. माई, सहकारी, वहिनी, अकरावीतला मुलगा आणि सातवीतली मुलगी. वहिनी मुंबईत रुग्णालयात परिचारिका आहेत. त्यांची पाळी बदलती. सहकारी पहाटे घर सोडतो तो रात्री परततो. मुलाची परीक्षा होती. शिवाय गावातल्या तरुणांबरोबर घरोघरी नाताळगीते म्हणायची, म्हणून रोज रात्री हार्मोनियम-तबल्यावर तालीम. मुलीच्या शाळेत चाचणी आणि वर शाळेचा कार्यक्रम. तिची शाळा चर्चची. अशा शाळा दिवाळीची सुट्टी थोडी आखडून नाताळात देतात, आणि ती चोवीस तारखेपासून लागणार होती. सगळ्यांचे डोळे त्या चोवीस तारखेकडे लागलेले.

एवढ्या धावपळीत सण उभा कसा राहतो, तर वाटणीने. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिलेले होते. पहिल्या रविवारी जळमटे, भिंती आणि ओटी. दुसऱ्या रविवारी कामट्यांचा आणि पतंगाच्या कागदाचा कंदील, ताऱ्याच्या आकाराचा. आणि पसरट ट्रेमध्ये नाचणी पेरायची. तिसऱ्या रविवारी फराळ. चौथ्या रविवारी गोठा आणि चर्चची साफसफाई. येशूचा जन्म गोठ्यात झाला, म्हणून घरोघर पेंढ्याचा गोठा मांडतात. नाचणीचे कोवळे अंकुर हे त्या गोठ्यापुढचे शेत. आठ दिवसांत ते बोटभर झाले होते. माझी मुलगी ते पाहत बसली. तिला झाड पाहायचे होते, पाहायला शेत मिळाले.

वहिनींचा हिशेब वेगळा होता. चोवीसच्या रात्री वॉर्डात कुणीतरी असावेच लागते, रुग्णाला सण नसतो. त्या म्हणाल्या, "लक्ष्मीपूजनाची रात्र मी केली. आमच्या वॉर्डातल्या ताईंनी चोवीसची रात्र घेतली. आमचं असंच चालतं." ऐकून मला आमचा करार आठवला. आपण सलोख्यावर भाषणे करतो. पण या देशातला सलोखा अशा ड्युटीच्या अदलाबदलीवरही चाललेला असतो.

मी बी.कॉम. झालेला कारकून, मला आधी हिशेब दिसतो. माईंची एक वही होती. त्यात डिसेंबरचे पान वेगळे. एका बाजूला केळीच्या पानांचे आणि नारळांचे पैसे, दुसऱ्या बाजूला मैदा, तूप, खोबरे, मुलांचे कपडे. पानाच्या सगळ्यात वर, बाकीच्या खर्चाच्या आधी, एक ओळ लिहिलेली होती, 'दुसऱ्यांचे'. मी विचारले तेव्हा माई म्हणाल्या, "शेवटी लिहिलं तर उरत नाही." शेजारच्या एका विधवा बाईचे किराणा सामान आणि चर्चमधून गरिबांसाठी गोळा होणारी मदत, एवढे त्या ओळीत बसवलेले. सणासाठी कर्ज काढायचे नाही, हा त्या घराचा नियम. आपल्या वस्तीत लग्नासाठी, बारशासाठी पतपेढीचे कर्ज काढून दोन-दोन वर्षे हप्ते फेडणारी माणसे मी पाहतो. त्यांना ही वही दाखवावीशी वाटली.

फराळाला सगळे बसले. करंज्या आणि कलकल. कलकल म्हणजे मैद्याची लहान गोळी काट्याच्या पाठीवर दाबून वळवायची, शिंपल्यासारखी, आणि तळायची. मुलींनी ते काम घेतले. माझ्या पत्नीने करंज्या लाटायला घेतल्या. सहकारी परातीत पीठ मळत होता आणि त्याचा मुलगा कढईपाशी उभा होता. मी ओटीवर गप्पा मारीत बसणार, तोच माईंनी खवणी आणि नारळ पुढे ठेवले. मी खवू लागलो. माझी पत्नी आतून म्हणाली, "बघा हं, घरी कधी खवणीवर बसलेले मी पाहिले नाहीत." सगळे हसले. मीही हसलो, पण ते लागले. स्त्रीमुक्तीवर मी मंडळात बोलतो. पंचवीस डिसेंबर हा आपल्याकडे मनुस्मृती दहनाचा दिवस. १९२७ साली महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली ते दहन झाले, आणि आपल्या भगिनी हा दिवस स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात. त्या दिवसाचे भाषणही मी दर वर्षी करतो. भाषण करून घरी आल्यावर ताट मात्र वाढून मागतो. हे या वेळी कबूल केलेले बरे.

दुपारी केळीच्या पानावर जेवण झाले. भात, माशाची आमटी, भाजी. जेवताना मी सहकाऱ्याला मोकळेपणाने विचारले, "तुमच्यात जात राहिली नाही ना?" तो क्षणभर थांबला. म्हणाला, "खोटं कशाला सांगू? चर्चमध्ये बाक एकच. पण सोयरीक करताना अजून सामवेदी, वाडवळ, कोळी असं बघणारे आहेत. आता मुलं मुंबईत शिकतात, ती ऐकत नाहीत. कमी होतंय." पोटजात विचारणारे आपल्यातही आहेत, हे मी त्याला सांगितले. दोघांनी एकमेकांचे दुखणे ओळखले आणि पुढचा घास घेतला.

विहीर आणि ताट

जेवणानंतर माईंनी विहीर दाखवली. पाणी भरपूर होते, पण ओंजळीत घेऊन चाखले तर खारट. तरुणपणी त्या वाडीतली फुले टोपलीत भरून पहिल्या लोकलने दादरच्या फूलबाजारात नेत. तेव्हा फुलांबरोबर पानवेलीही होत्या. नंतर आजूबाजूला इमारती उठल्या. त्यांना पाणी पुरवायला टँकरवाले विहिरींवर पंप लावू लागले. गोडे पाणी उपसले गेले आणि समुद्राकडचे खारे पाणी आत सरकले. याच प्रश्नावर वसईत हरित वसईची चळवळ उभी राहिली आणि फादर दिब्रिटो तिच्या पुढे होते. त्या चळवळीने पुष्कळ वाचवले, पण सगळे वाचले नाही. माईंच्या वाडीत आता केळी आणि माड उरले आहेत.

माई काठावर बसल्या आणि मग त्यांनी खरे दुखणे सांगितले. त्यांना मुलगे दोन. धाकटा नालासोपाऱ्यात फ्लॅटमध्ये राहतो. चार वर्षांपूर्वी त्याने आपल्या हिश्श्याची वाडी विकायची ठरवली. खाऱ्या पाण्यावर पीक येत नाही, मुलीचे शिक्षण पुढे आहे, मग जमीन धरून काय करायचे, असे त्याचे म्हणणे. थोरल्याने सही दिली नाही. एक तुकडा विकला की बाकीची वाडी राहणार नाही, असे त्याचे म्हणणे. बोलाचाली झाली आणि तेव्हापासून भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. चार नाताळ धाकटा घरी आलेला नाही.

"दोघंही खरं बोलतात, भाऊ," माई म्हणाल्या. "मी कुणाला खोटं पाडू? पण आगमनकाळात जांभळी मेणबत्ती लावायची, पापं कबूल करायची, आणि पाठच्या भावाशी बोलायचं नाही, हे मला पटत नाही. मग गोठा कशाला मांडायचा?"

मी काही बोललो नाही. सकाळी मुलीला सांगितलेला अशोकाचा नववा लेख मला आठवला. या बाईने तो वाचलेला नव्हता. तो जिथे सापडला त्या पट्ट्यात तिचे आयुष्य गेले होते, एवढेच.

संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा माईंनी स्टीलचे एक ताट करंज्या आणि कलकलांनी भरले, वरून स्वच्छ फडके बांधले आणि माझ्या हातात दिले. "तुम्हाला नालासोपाऱ्यालाच गाडी धरायची आहे. धाकट्याचं घर स्टेशनच्या वाटेवर आहे. एवढं द्याल? आम्ही दिलं तर मानापमान निघतो. तुम्ही पाहुणे, तुम्हाला कुणी दारातून परत पाठवणार नाही."

मी सहकाऱ्याकडे पाहिले. तो मान खाली घालून परात घासत होता. होही म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. आम्ही रिक्षात बसलो तेव्हा मात्र तो मागून आला. हातात कागदाची पुडी होती. ती फडक्याखाली सरकवत म्हणाला, "सुकेळी आहेत. त्याला आवडतात." आणि लगेच वळून आत गेला.

अठरा वर्षे मी या माणसाच्या शेजारी बसलो. त्याला भाऊ आहे हे मला ठाऊक नव्हते.

धाकट्याने दार उघडले. मी ओळख सांगितली. ताट पाहून तो म्हणाला, "आईनं पाठवलं?"

"ताट माईंनी. त्यातली सुकेळी तुमच्या भावाने."

त्याने फडके सोडले, पुडी हातात घेतली आणि बराच वेळ तशीच धरून उभा राहिला. त्याच्या पत्नीने आम्हाला आत बोलावले, चहा केला. त्यांची मुलगी माझ्या मुलीला विचारत होती, "नाचणी केवढी झाली? माझी बहीण पेरते ना दर वर्षी?" दोन्ही बहिणी एकाच शाळेत आहेत, मधल्या सुट्टीत भेटतात, हे तेव्हा कळले. मोठ्यांचे भांडण मुलींनी शाळेत नेलेले नव्हते.

निघताना मी ताट मागितले. धाकट्याची पत्नी म्हणाली, "रिकामं ताट कसं पाठवायचं, दादा? राहू दे. आम्हीच नेऊन देऊ." तिने नवऱ्याकडे पाहिले. तो खिडकीबाहेर बघत होता. आम्ही जयभीम घालून निघालो. त्यानेही हात जोडले.

ताट परत आले

चोवीस डिसेंबरपासून सहकारी रजेवर गेला. ठरल्याप्रमाणे त्याची बिले मी काढली. मधल्या काळात फोन करून विचारावे असे दहा वेळा वाटले, पण केला नाही. दुसऱ्याच्या घरातल्या जखमेला बोट लावू नये.

२ जानेवारी २०२५ रोजी तो कामावर आला. डबा माझ्या टेबलावर ठेवला. फायली उघडल्या, पंखा लावला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "ताट परत आलं."

चोवीसच्या रात्री चर्चच्या आवारात मिस्सा झाली. पूर्वी ती बाराच्या ठोक्याला असे. ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे आता पुष्कळ ठिकाणी ती लवकर सुरू होते. मिस्सा आटोपून घरी आले तर ओटीवर धाकटा, त्याची पत्नी आणि मुलगी बसलेली. ताटात घरी केलेला केक होता. माई कुणालाच काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि पानांची जुडी सोडून तीन पाने जास्त काढली.

"आणि वाडीचं?" मी विचारले.

"ती तशीच आहे. विहीरही खारीच आहे. जानेवारीत बसून बोलू म्हणालाय. बघू काय होतं ते. निदान बोलू तरी."

वाचकहो, ही गोष्ट सगळे गोड झाले असे सांगण्यासाठी लिहिलेली नाही. दोन भावांचा प्रश्न जमिनीचा आणि पाण्याचा आहे, तो करंज्यांनी सुटणार नाही. पण प्रश्न सोडवायला माणसे एका ओटीवर बसावी लागतात, आणि त्यांना बसवण्याचे काम त्या म्हाताऱ्या बाईने एका ताटाने केले. तिच्या चार आठवड्यांच्या लगबगीत रंग, फराळ, कंदील सगळे होते. पण तिच्या यादीतले सगळ्यात मोठे काम कॅलेंडरवर लिहिलेले नव्हते.

आपला डिसेंबरही असाच धावपळीचा असतो. सहा तारखेची तयारी, मुलांच्या परीक्षा, स्नेहसंमेलने, पंचवीसचा महाडचा कार्यक्रम, एक जानेवारीचे कोरेगाव. बसगाड्या ठरवायच्या, वर्गणी गोळा करायची, बॅनर लावायचे. या सगळ्यात आपल्याही घरात एखादे ताट द्यायचे राहिले आहे का, हे प्रत्येकाने पाहावे. मंडळाच्या फुटीपायी अबोला धरलेला मित्र असेल, जमिनीच्या तुकड्यापायी तुटलेला भाऊ असेल, लग्नातल्या मानपानावरून दुरावलेली बहीण असेल. आणि सण कुठलाही असो, घरातल्या पुरुषांनी निदान एक दिवस खवणीवर बसावे. मी बसू लागलो आहे. नारळ अजून नीट खवता येत नाही. पत्नी म्हणते, करवंटीही येते त्यात.

सोपाऱ्याचा स्तूप अजून पाहिला नसेल तर एखाद्या रविवारी मुलाबाळांसह जरूर जा. नालासोपारा स्टेशनवरून पश्चिमेला रिक्षा मिळते. आणि ओळखीचे कुणी वसईत असेल तर त्यांच्या घरी नाताळाच्या आधी जा, मदतीला जा. पंचवीसला सगळेच जातात.